वाचकांचे प्रश्न : आजारी माणसाच्या जवळ कोण जाते आणि का?

वैद्यकीय शिक्षण, शुश्रूषा, फिजिओथेरपी किंवा समुपदेशन यांपैकी काही निवडताना आपला स्वभाव आणि लहानपणी जडलेली नाती यांचा त्या निवडीत वाटा किती असतो, असे विचारणारी बरीच पत्रे या वेळी आली आहेत. त्यांतील पाच येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची ओळख उघड होईल असा तपशील गाळला आहे. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण इतरांच्या मनातील शंकाही त्यातच मांडली गेली आहे.

प्रश्न : मी १९ वर्षांची आहे. मी १० वर्षांची असताना आई अंथरुणाला खिळली आणि पुढची सहा वर्षे तिच्या औषधांच्या वेळा, रात्रीची जागरणे आणि धाकट्या भावाचा अभ्यास हे सारे माझ्याकडे आले. आता आई बरी आहे. मला नर्सिंगला जायचे आहे आणि घरात कोणालाच त्याचे नवल वाटत नाही. आत्या तर म्हणते, की तू लहानपणापासून नर्सच आहेस. परंतु एका मैत्रिणीने विचारले, ‘हे तू निवडलेस, की तुला दुसरे काही येतच नाही?’ तेव्हापासून मी अस्वस्थ आहे. ज्याला स्वतःचे बालपण पुरते मिळाले नाही, त्याने काळजी घेण्याच्या व्यवसायात जाऊ नये, असे मानसशास्त्र सांगते का?

उत्तर : तसे मानसशास्त्र सांगत नाही. मात्र मैत्रिणीचा प्रश्न खोडसाळ म्हणून झटकून टाकू नका. तो चांगला प्रश्न आहे, फक्त तिने तो जरा कडू शब्दांत विचारला.

ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मांडलेला आणि मेरी एन्सवर्थ यांनी प्रत्यक्ष निरीक्षणांनी भक्कम केलेला अटॅचमेंटचा, म्हणजे भावबंधाचा, सिद्धांत येथे उपयोगी पडतो. मूल घाबरले, आजारी पडले किंवा थकले की ते एका ठरावीक माणसाकडे धाव घेते, आणि तेथे धीर मिळाला की पुन्हा खेळायला जाते. हा धीर मिळेल की नाही, याचा अनुभव जसा येत जातो तशी ते मूल आपली रीत बसवते. भरवसा असलेले मूल मोकळेपणी रडते आणि लवकर शांत होते. धीर कधी मिळतो, कधी मिळत नाही अशा घरातील मूल चिकटून राहते. आणि जवळ गेल्यावर झिडकारले जाण्याची सवय झालेले मूल जवळ जाणेच कमी करते. बोल्बींनी या ओळखीच्या रीतींखेरीज आणखी एका प्रकाराचे वर्णन केले होते आणि ते तुमच्या पत्राच्या अगदी जवळ जाणारे आहे. ज्या मुलाला आजारी किंवा खचलेल्या पालकाची काळजी घ्यावी लागते, ते मूल मोठेपणी अनेक नात्यांत काळजी घेणाऱ्याचीच जागा पकडते. स्वतःला आधाराची गरज भासली तरी ते आधार मागत नाही, उलट दुसऱ्याला देऊ लागते. बोल्बी याला सक्तीची काळजी म्हणत. येथे सक्ती बाहेरून कोणी करत नाही, ती आतून होत असते. अशा माणसाला काळजी घेणे थांबवताच येत नाही.

आता तुमच्या मुख्य शंकेकडे वळू. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ जॉर्ज व्हेलंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. महाविद्यालयात असताना निवडलेल्या तरुणांचा सुमारे ३० वर्षे मागोवा घेतला गेला होता. त्यांतील ४७ जण पुढे डॉक्टर झाले आणि त्यांची तुलना तशाच सामाजिक पार्श्वभूमीच्या इतर ७९ जणांशी करण्यात आली. डॉक्टरांमध्ये बिघडलेले वैवाहिक संबंध, औषधांचा वा मद्याचा अतिरेक आणि मानसोपचाराची गरज या गोष्टी अधिक आढळल्या. पण या अडचणी मुख्यतः त्या डॉक्टरांच्या वाट्याला आल्या, ज्यांचे बालपण अस्थिर गेले होते. आपल्याला जे मिळाले नाही ते रुग्णांना देण्याच्या ओढीने काही जण या व्यवसायात येतात, आणि मग रुग्ण आपल्या पदरी जे मागणे घेऊन येतात ते त्यांना झेपत नाही, असा त्या लेखकांचा तर्क होता. हा अभ्यास छोटा होता, त्यात केवळ पुरुष होते आणि ते सारे एकाच नामांकित विद्यापीठातले होते, त्यामुळे त्याला वेदवाक्य मानू नये. तरीही त्यातील एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ओढ कोठून आली, एवढ्यावरून माणूस मोडत नाही. देणे चालू असताना त्याच्याकडे येणारा झरा आटलेला असेल, तर तो मोडतो.

म्हणून मैत्रिणीचा प्रश्न थोडा वळवून स्वतःला विचारा. शेवटचा ताप आला तेव्हा तुमच्या उशाशी कोण बसले होते, आणि ते बसले असताना तुम्ही स्वस्थ पडून राहिलात, की त्यांनाच ‘तुम्ही जेवलात का’ म्हणून विचारत राहिलात? एखाद्याने तुमची मदत नको म्हटली तर तुम्हाला थोडे वाईट वाटते, की आपले कोणाला काही कामच उरले नाही असे वाटते? घरात सगळे बरे असताना, कोणालाही तुमची निकड नसताना, तुमचा दिवस कसा जातो? आई बरी झाल्यावर तुमच्या घरी नेमकी अशी वेळ आली असणार. त्या काळात सुटकेबरोबर एक पोकळी जाणवली असेल, तर तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. अशी पोकळी जाणवणे म्हणजे आजार नव्हे. पण ती भरून काढण्यासाठी वॉर्डातील ३० रुग्ण पुरणार नाहीत, हे आधी ठाऊक असलेले बरे.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. रात्री श्वासाचा आवाज बदलला की जाग येणे, माणूस ‘काही नाही’ म्हणत असताना त्याला दुखते आहे हे ओळखणे, चिडलेल्या रुग्णाचा राग अंगाला लावून न घेणे, या गोष्टी तुम्ही सहा वर्षांत शिकलात आणि त्या पुस्तकातून येत नाहीत. मेरी मेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढांच्या मुलाखती घेऊन एक गोष्ट दाखवून दिली : बालपणात काय घडले यापेक्षा, ते घडलेले माणूस आज किती सुसंगतपणे आणि प्रामाणिकपणे सांगू शकतो, यावरून त्याच्या भावबंधाची अवस्था अधिक कळते. कठीण बालपण गेलेली काही माणसे पुढे एखादा विश्वासू शिक्षक, जोडीदार किंवा समुपदेशक लाभल्यामुळे सुरक्षितपणा कमावतात. त्याला कमावलेली सुरक्षितता असेच म्हणतात. तुमच्या पत्रात आईविषयी राग नाही. पण त्या दहा वर्षांच्या मुलीविषयीही एक अक्षर नाही. तिच्याविषयी बोलण्यासाठी एखाद्या समुपदेशकाकडे काही वेळा जाऊन आलात तर प्रवेश रद्द होणार नाही आणि नर्सिंगही सुटणार नाही. माझ्या मते तुम्ही या क्षेत्रात जावे. मात्र पहिल्या वर्षापासून जिच्यापुढे तुम्हाला रडता येईल अशी एक व्यक्ती ठरवून ठेवावी, आणि ती व्यक्ती तुमची रुग्ण असू नये.

प्रश्न : मी वैद्यकीय शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला पॅथॉलॉजी किंवा भूलशास्त्र घ्यावेसे वाटते. खरे कारण असे, की रुग्ण आणि नातेवाईक भावनाविवश झाले की मला तेथून निघून जावेसे वाटते. मित्र मला दगड म्हणतात. माझा भावबंध बिघडलेला आहे का? आणि तसे असेल तर रुग्णांपासून दूरची शाखा निवडणे हा पळपुटेपणा ठरेल का?

उत्तर : तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत, त्या आधी वेगळ्या करू. अंतर्मुख असणे आणि जवळीक टाळणे यांत फरक आहे. अंतर्मुख माणूस गर्दीने थकतो, पण मोजक्या माणसांजवळ तो मनापासून मोकळा होऊ शकतो. जवळीक टाळणाऱ्याला माणसांची संख्या त्रास देत नाही. कोणी आपल्यावर विसंबते आहे किंवा आपण कोणावर विसंबतो आहोत, या जाणिवेनेच तो मागे सरतो. तुमच्या घरात, जिवलगांत, तुम्ही मनातले बोलता का? बोलत असाल तर बिघाड वगैरे शोधण्याचे कारण नाही; तो तुमचा स्वभाव आहे.

भावबंध आणि शाखेची निवड यांचा संबंध तपासला गेला आहे. पॉल सीचानोव्हस्की व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांचा जो अभ्यास मांडला, त्यात नात्यांत सुरक्षित वाटणारे विद्यार्थी रुग्णाशी दीर्घकाळ संबंध ठेवाव्या लागणाऱ्या प्राथमिक सेवेकडे अधिक वळलेले दिसले, तर स्वावलंबी किंवा सावध रीतीचे विद्यार्थी इतर शाखांकडे अधिक झुकलेले दिसले. हा कल समूहाचा आहे. त्यावरून एकट्या तुमच्याविषयी भाकीत करता येत नाही. शिवाय तो दोष म्हणून वाचण्याचेही कारण नाही. काचपट्टीवरील पेशीकडे तासन्‌तास शांतपणे पाहू शकणारा माणूस रुग्णाला न भेटताही त्याचे आयुष्य बदलतो.

मात्र भूलशास्त्राविषयी तुमचा समज तपासून घ्या. भूलतज्ज्ञ रुग्णाला थोडाच वेळ भेटतो हे खरे, पण तो भेटतो तेव्हा रुग्ण आयुष्यातील सर्वांत भेदरलेल्या अवस्थेत असतो आणि शुद्ध हरपण्यापूर्वी त्याला दिसणारा शेवटचा चेहरा बहुधा भूलतज्ज्ञाचाच असतो. रुग्णांपासून लांब राहता येईल म्हणून ती शाखा निवडाल तर फसाल.

‘दगड’ या शब्दाविषयी एक जुनी हकिकत सांगण्यासारखी आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांत लहान मुलांना भेटायला आईवडिलांना क्वचितच येऊ देत. मूल आधी आकांताने रडे, मग गप्प होई, आणि परिचारिका व डॉक्टर समजत की ते आता रुळले. बोल्बींचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये रुग्णालयात एकट्या ठेवलेल्या दोन वर्षांच्या मुलीचे चित्रीकरण करून दाखवले, की ते गप्प होणे समाधानाचे नसून आशा सोडल्याचे असते. त्या चित्रीकरणावर वैद्यक क्षेत्रातून संताप व्यक्त झाला; परंतु १९५९ मध्ये तेथील सरकारी समितीने पालकांना मुक्तपणे भेटू द्यावे अशी शिफारस केली. भावबंधाचा सिद्धांत काही अंशी वॉर्डातच जन्मला, हे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितले जाते. पुढे एन्सवर्थ यांच्या प्रयोगपद्धतीत, आई खोलीबाहेर गेली तरी खेळण्यांशी खेळत राहणाऱ्या आणि ती परतल्यावर तिच्याकडे न पाहणाऱ्या बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले गेले, तेव्हा वरून निवांत दिसणारी ही बाळेही आतून ताणाखाली असल्याचे दिसले.

तुम्हाला निघून जावेसे वाटते, याचा अर्थ तुम्हाला काही वाटत नाही असा नाही. बहुधा फार वाटते आणि त्याचे काय करावे हे कोणी शिकवलेले नाही. पुढच्या वेळी खोलीतून लगेच न निघता, काहीही न बोलता दोन मिनिटे तेथेच खुर्चीवर बसून पाहा. ते करून पाहिल्यावरही पॅथॉलॉजीच आवडली तर ती खुशाल घ्या, कारण मग ती तुमच्या आवडीने घेतलेली असेल.

प्रश्न : माझ्या मुलाला डॉक्टर व्हायचे आहे. एका व्यक्तिमत्त्व चाचणीच्या अहवालात ‘बहिर्मुख, कल्पक, शिस्त कमी, वैद्यकीय क्षेत्रासाठी अनुकूल नाही’ असे लिहून आले आहे. या अहवालावर विश्वास ठेवावा का?

उत्तर : निष्कर्षाच्या शेवटच्या अर्ध्या वाक्यावर ठेवू नका. माणसांना ठरावीक साच्यांत बसवणाऱ्या चाचण्या लोकप्रिय आहेत, पण संशोधनात आज ज्या आराखड्याला अधिक मान आहे तो पाच गुणांचा आहे : बहिर्मुखता, सौहार्द, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता आणि नव्या अनुभवांविषयीचा खुलेपणा. यांतील प्रत्येक गुण कमी-अधिक प्रमाणात सर्वांत असतो. बेल्जियममधील वैद्यकीय विद्यार्थ्यांचा पहिल्या वर्षापासून शेवटपर्यंत मागोवा घेऊन २००९ मध्ये जे निष्कर्ष मांडले गेले, ते पालकांनी वाचावेत असे आहेत. कर्तव्यदक्षतेचा यशाशी असलेला संबंध वर्षागणिक वाढत गेला, म्हणजे शिस्तीविषयीची तुमची काळजी रास्त आहे. परंतु बहिर्मुखतेचे चित्र उलटले : सुरुवातीच्या पाठांतराच्या वर्षांत ती थोडी अडचणीची ठरली आणि रुग्णांशी प्रत्यक्ष संबंध आल्यावर उपयोगी पडू लागली. पहिल्या वर्षाच्या गुणपत्रिकेवर भरवसा ठेवून निकाल दिला असता, तर नंतर फुलणारी मुले आधीच बाद झाली असती.

शिस्त हा गुण १७ व्या वर्षी कायमचा ठरून जात नाही. विशीनंतर बहुतेक माणसांची कर्तव्यदक्षता सरासरीने वाढतच जाते. आणि ‘वैद्यकीय क्षेत्र’ हे एक काम नाही. आकस्मिक विभाग, बालरोग, सार्वजनिक आरोग्य, प्रयोगशाळा यांना लागणारे स्वभाव एकमेकांपासून इतके वेगळे आहेत, की एका चाचणीने त्या सर्वांना एकदम नकार देणे हास्यास्पद आहे. मुलाला एवढेच विचारा, की त्याला डॉक्टर ‘व्हायचे’ आहे, की डॉक्टर दिवसभर जे करतात ते करायचे आहे.

प्रश्न : मी १२ वर्षे परिचारिका आहे. ड्युटी संपली तरी रुग्ण डोक्यातून जात नाहीत, कोणालाही नाही म्हणता येत नाही, आणि काही चुकले नसतानाही चुकले असे वाटते. माझा स्वभावच या कामासाठी चुकीचा आहे का?

उत्तर : तुम्ही सांगितलेली लक्षणे इतकी परिचित आहेत, की १९८५ मध्ये ग्लेन गॅबार्ड यांनी शंका, अपराधीपणा आणि जबाबदारीची वाजवीहून मोठी जाणीव या त्रयीला सर्वसाधारण डॉक्टरच्या मनोवृत्तीचे लक्षण म्हटले होते. ही त्रयी थोड्या प्रमाणात असेल तर रुग्णाचा फायदाच होतो. आपण औषधाची मात्रा पुन्हा तपासतो ती तिच्यामुळेच. तीच कधी विश्रांती घेऊ देत नाही तेव्हा आपल्याला पोखरू लागते. पहिल्या पत्रलेखिकेला जे लिहिले, त्यातील बरेच तुम्हालाही लागू पडेल.

पण सगळा भार स्वभावावर टाकू नका, अशी माझी तुम्हाला विनंती आहे. इझाबेल मेन्झीज यांनी लंडनमधील एका मोठ्या रुग्णालयातील शुश्रूषा विभागाचा अभ्यास केला आणि तो १९६० च्या सुमारास प्रसिद्ध झाला. परिचारिकांना एका रुग्णाजवळ फार काळ राहू न देणे, कामाचे तुकडे पाडून वाटणे, रुग्णाला नावाऐवजी ‘दहाव्या खाटेवरचे यकृत’ असे म्हणणे, या साऱ्या रूढी वेदना आणि मृत्यू यांच्या सान्निध्यातून येणारी भीती दूर ठेवण्यासाठी संस्थेने नकळत उभ्या केल्या होत्या, असे त्यांना दिसले. त्या रूढींनी भीती गेली नाहीच. समाधान मात्र गेले. शिकाऊ परिचारिकांपैकी सुमारे एक तृतीयांश प्रशिक्षण अर्धवट सोडत आणि सोडून जाणाऱ्यांत अधिक प्रगल्भ मुलीही असत. त्या मुलींचा स्वभाव कामासाठी चुकीचा होता, असे कोण म्हणेल?

जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातही बर्नआउट, म्हणजे कामाने पार थकून खचणे, हे आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ न हाताळल्या गेलेल्या ताणाचा परिणाम म्हणून नोंदलेले आहे. तेव्हा तुमच्या वॉर्डात एका पाळीला किती रुग्ण असतात, एखादा रुग्ण दगावल्यावर त्याविषयी बोलायला कोणी बसते का, आणि रजा मागितली की कोणाचे तोंड वाकडे होते, हे प्रश्न तुमच्या बालपणाइतकेच महत्त्वाचे आहेत. घरी निघताना पुढच्या पाळीच्या परिचारिकेला रुग्णांची माहिती तोंडी, नावासकट आणि सावकाश सांगून मगच निघण्याची सवय लावून पाहा. ते रुग्ण आता तिच्या हाती सोपवले आहेत, हे मनाला पटायला कानांनी ऐकावे लागते. झोप उडाली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर मात्र वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

प्रश्न : मी एका परिचर्या महाविद्यालयात शिकवतो. प्रवेशाच्या मुलाखतीत उमेदवारांच्या बालपणाविषयी आणि भावबंधाविषयी विचारावे का?

उत्तर : विचारू नये. ज्या प्रश्नावलीचे उत्तर प्रवेशावर परिणाम करणार आहे, तिचे उत्तर खरे येत नाही, आणि ज्यांनी खरे लिहिले त्यांनाच शिक्षा होते. त्याऐवजी प्रवेशानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक असा शिक्षक नेमा, ज्याच्याकडे ‘आज मला वॉर्डात भीती वाटली’ असे म्हणत जाता येईल आणि ज्याच्या हाती त्या विद्यार्थ्याचे गुण नसतील.